साहस आणि धैर्य : उत्तरेकडील वीरकथांची कसोटी

घरातला मुलगा पुराच्या पाण्यात उडी टाकण्यास निघाला, म्हणजे वडील माणसे ‘असले साहस करू नकोस’ म्हणून त्याला दटावतात. तोच मुलगा बुडणाऱ्या शेजाऱ्याला ओढून काठावर घेऊन आला, म्हणजे तीच माणसे त्याच्या साहसाचे चारचौघांत कौतुक करतात. शब्द एकच, कृतीही बाह्यतः एकच. मग निंदा आणि स्तुती एवढे अंतर का पडावे? धर्मशास्त्रकारांनी तर हा शब्द न्यायासनासमोर उभा केला आहे. मनुस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे फिर्यादीची, जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ‘साहस’ हे एक आहे. आणि तेथे त्याचा अर्थ वीरश्री असा नसून बळजोरीचा गुन्हा असा आहे. धन्याच्या पाठीमागे वस्तू नेली तर ती चोरी. धन्याच्या डोळ्यांदेखत दांडगाईने नेली तर ते साहस. भीती नसणे एवढ्यानेच माणूस थोर ठरत असता, तर दरोडेखोराला चोरापेक्षा श्रेष्ठ मानावे लागले असते. शास्त्रकारांनी नेमके उलट केले. साहसिकाला त्यांनी चोराहून अधिक पापी ठरविले.

हा भेद ध्यानात ठेवून युरोपच्या उत्तर टोकाकडे पाहण्यासारखे आहे, कारण निर्भयतेचे कौतुक जेवढे तेथल्या लोकांनी केले तेवढे क्वचितच कोणी केले असेल. नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडन या देशांतून निघालेल्या ज्या दर्यावर्दी टोळ्यांनी आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत युरोपचे किनारे हादरवून सोडले, त्यांना जग व्हायकिंग म्हणून ओळखते. मूळ भाषेत हे कोणा जातीचे किंवा राष्ट्राचे नाव नव्हे; समुद्रमार्गे लुटीला जाणाऱ्याचे ते नाव. त्या देशांतील बहुसंख्य लोक जमीन नांगरणारे, गुरे राखणारे आणि मासे पकडणारे गृहस्थच होते. सन 793 च्या जून महिन्यात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न बेटावर त्यांची गलबते लागली. तेथील मठात निःशस्त्र भिक्षू होते. काही मारले गेले, काहींना बुडविण्यात आले, काहींना बांधून नेण्यात आले, आणि देवाघरची भांडी लुटीत गेली. ही कृत्ये करणारे पुरुष भित्रे नव्हते. उघड्या गलबतांतून खवळलेला उत्तर समुद्र ओलांडणारा माणूस भित्रा असूच शकत नाही. तथापि मनूच्या न्यायासनासमोर त्यांना उभे केले असते तर निवाडा एका शब्दात लागला असता : साहस.

लुटीबरोबर त्यांचा व्यापारही दूरवर चाले. स्वीडनमधील मेलारेन सरोवरात हेल्ग्यो नावाचे बेट आहे. तेथील उत्खननात 1956 साली भगवान बुद्धांची एक लहानशी कांस्यमूर्ती सापडली. ती भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात सहाव्या शतकाच्या सुमारास घडविली गेली असावी, असे तज्ज्ञ मानतात. कोणत्या हातांतून आणि किती पिढ्यांनी ती त्या हिमप्रदेशात पोहोचली हे कोणी सांगू शकत नाही. करुणेची ती मूर्ती त्या काळच्या सरोवरकाठी कोणाच्या घरी ठेवली गेली असेल आणि तिच्याकडे पाहून त्या घरच्यांना काय वाटत असेल, याची कल्पना मात्र करावीशी वाटते.

या लोकांच्या कथा टिकल्या त्या मुख्यतः आइसलँडमुळे. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतून निघालेल्या कुटुंबांनी ते ओसाड बेट वसविले. तेथे राजा नव्हता. सन 930 च्या सुमारास त्यांनी ‘आल्थिंग’ नावाची लोकसभा स्थापिली, आणि दर उन्हाळ्यात थिंगवेल्लिरच्या मैदानात जमून ते कायदे सांगत व खटले चालवीत. सन 1000 च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु पूर्वजांच्या देवांच्या गोष्टी जाळून टाकल्या नाहीत. तेराव्या शतकात स्नोरी स्टुरलुसन या पंडिताने त्या गद्यात संगतवार मांडल्या. जुन्या देवकथांची काव्येही त्याच शतकात एका हस्तलिखितात उतरविली गेली. ते हस्तलिखित कित्येक शतके डेन्मार्कमध्ये राहून 1971 साली आइसलँडला परत मिळाले.

या वाङ्मयात शौर्याचे जे निरनिराळे मासले दिसतात ते सगळे एका किमतीचे नाहीत. सर्वांत खालची पायरी ‘बेर्सेर्क’ नावाच्या योद्ध्यांची. ते लढाईपूर्वी उन्माद अंगात आणीत, ढालींच्या कडा दातांनी चावीत, पशूप्रमाणे ओरडत आणि त्या आवेशात जखमांचे भानही त्यांना राहत नसे. बाहेरच्यांना ही वीरता वाटली तरी घरच्यांना तो उपद्रव वाटे. आइसलँडच्या ‘ग्रागास’ या जुन्या कायदेग्रंथात असा उन्माद अंगात आणणाऱ्याला हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांपैकी कशाचाही विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्माला गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. समुद्रापलीकडच्या त्या शेतकऱ्यांनी गीता ऐकलेली नव्हती, पण शेजारी असा माणूस राहू लागला म्हणजे काय होते हे त्यांना चांगले ठाऊक होते.

दुसरी पायरी जोम्सव्हायकिंगांची. दहाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एका लढाईत ते हरले आणि पकडले गेले. त्यांना एका ओळीत बसवून एकेकाचा शिरच्छेद करण्यात येत होता, आणि घाव घालण्यापूर्वी प्रत्येकाला मरणाविषयी काय वाटते असे विचारले जात होते. कोणीही गयावया केली नाही. त्यांच्यापैकी एकाची गोष्ट फार विलक्षण आहे. डोके तुटल्यावर माणसाला काही कळते की नाही, याविषयी या मंडळीत वाद चालत असे, असे तो म्हणाला. त्याने हातात सुरी धरली. काही कळले तर ती उचलून दाखवीन, असे सांगितले. घाव बसला आणि सुरी जमिनीवर पडली. देह पडल्यावर जाणणारा उरतो काय, हा प्रश्न नचिकेताने यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहून विचारला. या माणसाने तो सुरीला विचारला. सुरी काय उत्तर देणार? तरीही मरणाच्या क्षणी ज्याच्या मनात भयाऐवजी जिज्ञासा होती, त्या अनाम लुटारूची अगदीच हेटाळणी करवत नाही.

याहून वरची पायरी त्यांच्या देवांची, आणि येथे खरा तात्त्विक प्रश्न उभा राहतो. बहुतेक सर्व धर्मकथांत देव अखेरीस जिंकतात. उत्तरेकडील देव हरतात, आणि आपण हरणार हे त्यांना आरंभापासून ठाऊक असते. ओडिन हा त्यांचा अधिपती. ज्ञानासाठी त्याने एक डोळा दिला, विश्ववृक्षावर नऊ रात्री स्वतःला टांगून घेतले. आणि एवढे करून त्याला जे ज्ञान मिळाले त्यात स्वतःच्या मरणाची वार्ताही होती. रागनारोक नावाच्या अंतिम युद्धात फेनरिर हा महावृक त्याला गिळणार. वज्रासारखा हातोडा बाळगणारा थॉर पृथ्वीला वेढणाऱ्या सर्पाला मारील, पण त्याच्या विषाने नऊ पावले चालून कोसळेल. फ्रेयरने प्रेमापायी आपली तलवार देऊन टाकली आहे, म्हणून तो अग्निदैत्यापुढे तलवारीवाचून उभा राहील आणि पडेल. हे सर्व ठरलेले आहे. तरीही देव शरण जात नाहीत, पळत नाहीत, वृकाशी तह करण्याचा विचारही करीत नाहीत. हाइमडालचे शिंग वाजले म्हणजे ते शस्त्रे घेऊन निघतात.

अर्जुनाची अवस्था याहून सोपी होती, असे म्हटले तर गीताभक्तांनी रागावू नये. विश्वरूपदर्शनात त्याला जे दिसले ते मुख्यतः शत्रूकडील वीर काळाच्या मुखात शिरतानाचे दृश्य. तू निमित्त हो, विजय तुझाच आहे, असे आश्वासन त्याला मिळाले. ओडिनला दिसले ते स्वतःचेच काळमुखात शिरणे. भारतीय परंपरेत त्याच्याशी तुलना करायची तर ती अभिमन्यूशीच करावी लागेल, कारण चक्रव्यूहात शिरण्याचा मार्ग ठाऊक आणि बाहेर पडण्याचा मार्ग ठाऊक नाही, हे स्पष्ट सांगून तो आत गेला. फळाची आशा मनातून काढ, असे सांगणे सोपे. परंतु जेथे फळ मिळणारच नाही असे निश्चित आहे, तेथे मनुष्य कर्तव्य करतो की नाही, यावरूनच त्याने आशा खरोखर सोडली होती की केवळ तसे बोलत होता हे कळते.

पण या चित्राची दुसरी बाजूही दडवून ठेवणे योग्य नाही. देव निराशेत लढत असले तरी त्यांचे मानवी अनुयायी तितके निष्काम नव्हते. रणात पडलेल्या निवडक वीरांना ओडिनच्या वालहाल्ला या महालात जागा मिळे. तेथे दिवसभर आपापसांत लढावे, संध्याकाळी सर्व मेलेल्यांनी उठून भोजनास बसावे, एकच डुक्कर रोज शिजवावे आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जिवंत व्हावे, असा तेथला क्रम. भोग आणि ऐश्वर्य यांच्या लोभाने स्वर्गाकडे डोळे लावून बसणाऱ्यांविषयी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जी नापसंती दिसते, ती या महालालाही लागू पडेल. फरक एवढाच की, हा स्वर्गही कायमचा नाही हे त्यांच्याच कथाकारांनी सांगून ठेवले. वालहाल्लातील वीर अखेरीस त्याच हरणाऱ्या युद्धासाठी बाहेर पडतात. पुण्य सरल्यावर स्वर्गातून खाली यावे लागते हा विचार ज्यांच्या कानांवरून गेलेला आहे, त्यांना यात काही अपरिचित वाटू नये.

या देवांमध्ये टीर नावाचा एक देव आहे. त्याची गोष्ट सांगण्यापूर्वी एक लहानसा तपशील नोंदविला पाहिजे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘टीर’ हे नाव आणि संस्कृतातील ‘देव’ हा शब्द एकाच प्राचीन मूळापासून निघालेले आहेत. इंग्रजीत मंगळवाराला जे नाव आहे त्यातही हाच देव बसलेला आहे. म्हणजे ज्याचे नाव केवळ ‘देव’ असे होते, त्याच्यावर पुढील प्रसंग ओढवला.

फेनरिर हा वृक देवांच्या घरीच वाढत होता, आणि त्याच्या जवळ जाऊन त्याला खाऊ घालण्याची छाती एकट्या टीरला होती. वृक दिवसेंदिवस मोठा होऊ लागला, तेव्हा देवांनी त्याला बांधण्याचे ठरविले. दोन जाडजूड साखळ्या त्याने ताणून तोडल्या. मग खुजांकडून एक तिसरे बंधन करवून आणले. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा वस्तू घेऊन ते घडविलेले होते, आणि दिसायला रेशमी फितीसारखे मऊ होते. वृकाला संशय आला. साखळ्या तोडणाऱ्याला फीत बांधण्याचा एवढा आग्रह कशासाठी? तो म्हणाला की, हे कपट नसेल तर तारण म्हणून कोणीतरी आपला हात माझ्या जबड्यात ठेवावा. मला सोडवता आले नाही तर तुम्ही मला सोडाल याची ती हमी. देव एकमेकांकडे पाहू लागले. कोणीही पुढे येईना. तेव्हा टीरने उजवा हात पुढे केला आणि वृकाच्या तोंडात ठेवला. फीत बांधली गेली. वृकाने जितके बळ लावले तितकी ती आवळत गेली. सगळे देव हसले. हसला नाही तो एकटा टीर, कारण त्याचा हात गेला होता.

या गोष्टीकडे केवळ धाडसाची गोष्ट म्हणून पाहिले तर तिच्यातील मर्म हाती लागत नाही. टीरने जे तारण दिले ते खोट्या वचनाचे तारण होते. वृकाला सोडायचे नाही हे त्याला ठाऊक होते. मग हे शौर्य कपटाच्या सेवेला लावलेले शौर्य नव्हे काय? महाभारताच्या वाचकाला येथे द्रोणवधाचा प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाही. अश्वत्थामा मेला असे मोठ्याने आणि तो हत्ती होता असे हळूच सांगून धर्मराजाने युद्ध वाचविले, आणि भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. दोन्हीकडे लोकरक्षणासाठी सत्याला मुरड घातली गेली, आणि दोन्हीकडे कथाकाराने त्याची किंमत लपविली नाही. परंतु टीरच्या गोष्टीत एक जास्तीची गोष्ट आहे. असत्य सर्व देवांचे होते; किंमत एकट्याने दिली. ज्याने वृकाला स्वतःच्या हाताने अन्न घातले होते त्यानेच तो हात त्याच्यापुढे धरला; आणि हात तोडणाऱ्या वृकाबद्दल त्याने तक्रार केल्याचे कोठे लिहिलेले नाही. तो वृकाचा हक्कच होता. संस्थेच्या, कुटुंबाच्या किंवा राज्याच्या हितासाठी कधी तरी खोटे बोलावे लागते, असे मानणारे लोक पुष्कळ असतात. पण त्या खोट्याचा जबडा मिटतो तेव्हा आत बहुधा दुसऱ्याचाच हात असतो. टीरचे कृत्य निर्दोष नाही. ते निर्दोष आहे असे त्याने भासविलेही नाही, आणि त्या हसणाऱ्या सभेत मान ताठ ठेवण्याचा अधिकार असलाच तर त्या थोट्या देवालाच होता.

देवांच्या कथा येथे सोडून माणसांच्या कथेकडे वळले पाहिजे, कारण गृहस्थाला अंतिम युद्धाचे शिंग क्वचितच ऐकू येते. त्याची परीक्षा उंबरठ्याच्या आत होते. आइसलँडच्या गद्यकथांत, म्हणजे ‘सागां’त, सर्वांत थोर मानली जाणारी न्यालची सागा अशाच एका घराची कथा आहे. ती तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली; लेखकाचे नाव उरले नाही. तिच्यातील घटना सन 1000 च्या मागच्यापुढच्या काळातल्या आहेत.

न्याल हा कायदेपंडित, शांत स्वभावाचा, दूरदर्शी. शेजाऱ्यांची भांडणे मिटविण्यात त्याचे आयुष्य गेले. होस्कुल्ड नावाच्या एका पितृहीन मुलाला त्याने पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले. एका कारस्थानी माणसाने न्यालच्या मुलांचे कान भरले, आणि त्यांनी त्या होस्कुल्डला, तो शेतात बी पेरीत असताना, ठार केले. ज्या झग्यात तो पडला तो रक्ताळलेला झगा त्याची पत्नी हिल्डिगुन हिने जपून ठेवला आणि तिचा काका फ्लोसी घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यांवर टाकला. तो झगा फ्लोसीनेच होस्कुल्डला भेट दिलेला होता. द्रौपदीच्या मोकळ्या केसांनी जे काम भीमाच्या मनावर केले तेच काम या झग्याने केले. तथापि लोकसभेत समेटाचा प्रयत्न झाला. भरपाईची रक्कम नेहमीच्या तिप्पट ठरली आणि मोजूनही झाली. त्या राशीवर न्यालने सद्भावनेने एक रेशमी वस्त्र ठेवले. फ्लोसीला त्यात उपहासाचा वास आला, प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळेना, मग अपशब्द निघाले, आणि समेट मोडला. एवढ्या मोठ्या आगीची ठिणगी एका वस्त्रातून पडली. कुटुंबांतील कलहांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

शरद ऋतूत फ्लोसीने सुमारे शंभर माणसांसह न्यालच्या घराला वेढा दिला. न्यालचे मुलगे उघड्यावर लढण्यास तयार होते. वृद्ध पित्याने घरात येण्यास सांगितले. ही माणसे आग लावतील असा इशारा वडील मुलगा स्कार्पहेदिन याने दिला, आणि तरीही पित्याची आज्ञा म्हणून तो आत गेला. फ्लोसीपुढे दोनच वाटा उरल्या. परत फिरावे तर स्वतःचा नाश. आग लावावी तर ईश्वरापुढे भयंकर जबाबदारी, कारण तो ख्रिस्ती झालेला होता. दोन्ही वाटा वाईट आहेत असे त्याने आपल्या माणसांना स्पष्ट सांगितले, आणि आग लावली. ही जाणीव असणे त्याच्या पदरी दोष म्हणून मांडावे की गुण म्हणून, हे ठरविणे कठीण आहे.

स्त्रिया, मुले आणि चाकर यांना त्याने बाहेर येऊ दिले. न्याललाही बोलाविले; निरपराध असताना त्याने जळून मरावे अशी फ्लोसीची इच्छा नव्हती. न्यालने नकार दिला. मुलांचा सूड घेण्याचे वय राहिले नाही, आणि लाजिरवाणे जगणे नको, असे त्याचे म्हणणे. त्याची पत्नी बेर्गथोरा हिलाही वाट मोकळी होती. तिने सांगितले की, लहान वयात ती न्यालला दिली गेली आणि दोघांचे भाग्य एकच असेल असे तिने त्याला वचन दिले होते. मग ती नातवाकडे वळली. थोर्द नावाचा हा मुलगा जावई कारी याचा पुत्र. तू तरी बाहेर जा, असे ती म्हणाली. तेव्हा त्या मुलाने तिला तिच्याच जुन्या शब्दाची आठवण करून दिली की, आपण दोघे कधी वेगळे होणार नाही. न्यालने कारभाऱ्याला बोलावून आपण कोठे निजतो ते दाखवून ठेवले, म्हणजे पुढे अस्थी शोधणाऱ्यांना त्रास पडू नये. दोघे पलंगावर निजली, मुलाला मध्ये घेतले, आणि बैलाचे कातडे अंगावर ओढून घेण्यास सांगितले. त्यानंतर त्यांचा शब्द कोणी ऐकला नाही. राख उपसली तेव्हा देह न जळता सापडले. फक्त मुलाचे एक बोट कातड्याबाहेर राहिले होते, ते जळाले होते.

पतिव्रतेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या वाचकाला बेर्गथोराची गोष्ट ओळखीची वाटेल, आणि तिला एकदम सतीच्या पंक्तीत बसविण्याचा मोह होईल. तो आवरलेला बरा. तिच्यावर कोणी सक्ती केली नाही, रूढीने तिच्याकडून ही अपेक्षा केली नव्हती, आणि कथाकार तिचा गौरव करण्यासाठी एक विशेषणही खर्च करीत नाही. उलट, मुलाने तेथे राहावे की नाही हा प्रश्न तो वाचकाच्या मनात बोचत ठेवतो. मोठ्यांचे धैर्य लहानांना किती महाग पडते, हे त्या एका बोटाने सांगितले आहे.

एवढ्यावर कथा संपली असती तर ती शोककथा झाली असती. तिची थोरवी पुढच्या भागात आहे. कारी जळत्या घरातून निसटला होता. पेटलेले केस आणि कपडे घेऊन तो धुराच्या आडून धावला आणि पाण्यात शिरला. सासू, सासरा, मेहुणे आणि एकुलता मुलगा त्याने गमावला होता. पुढच्या उन्हाळ्यात लोकसभेत खटला उभा राहिला, कायद्याच्या काथ्याकुटात फसला, आणि त्या पवित्र मैदानावरच दोन्ही पक्षांत लढाई जुंपली. त्या लढाईत ल्योट नावाचा एक तरुण मारला गेला. तो सीदाच्या हाल या प्रतिष्ठित वृद्धाचा मुलगा.

हा हाल पूर्वीही एका मोठ्या प्रसंगी उपयोगी पडला होता. धर्मांतराच्या वेळी ख्रिस्ती पक्षाने त्याला आपला कायदा सांगण्यास निवडले, तेव्हा त्याने तो अधिकार विरुद्ध पक्षातील मूर्तिपूजक न्यायशास्त्र्याकडे सोपविला, आणि देश यादवी युद्धातून वाचला. आता त्याच्या मुलाचे प्रेत पडलेले असताना तो दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहिला. आपण क्षुद्र माणूस आहोत हे पुन्हा एकदा दाखवून देतो, असे म्हणून त्याने समेट मागितला. त्याने सर्वांसमक्ष सांगितले की, मुलाच्या मृत्यूची भरपाई तो मागणार नाही, आणि तरीही विरुद्ध पक्षाला शांततेचे वचन देईल. त्या समाजात मुलाचे मोल सोडून देणे म्हणजे घराण्याची अब्रू सोडून देणे. सभा स्तब्ध झाली. मग लोकांनी आपण होऊन वर्गणी जमविली आणि हालला चौपट भरपाई दिली.

येथे गीतेचा अभ्यासक थबकेल. शस्त्र खाली ठेवू पाहणाऱ्या अर्जुनाला भगवंतांनी क्लैब्याचा दोष दिला. मग हालच्या समेटाला काय म्हणावे? दोन्ही कृतींचा चेहरा एकच आहे, अंतरंग निराळे आहे. अर्जुन आपल्यावर सोपविलेल्या कर्तव्यातून निघून जाऊ पाहत होता, आणि त्याचा त्याग इतरांच्या माथी पडणार होता. हालने जे सोडले ते केवळ स्वतःचे होते. दुसऱ्यांनी आपापल्या मृतांविषयी काय करावे हे त्याने त्यांना सांगितले नाही. क्षमा ही स्वतःच्या जखमेचीच करता येते. भागवतात पाच पुत्र गमावलेली द्रौपदी बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडण्यास सांगते, कारण त्याच्या मातेने आपल्यासारखे रडू नये. ते सांगण्याचा अधिकार तिलाच होता, भीमाला किंवा अर्जुनाला नव्हता. गीतेने सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती मोजताना अभयाला पहिले स्थान दिले आणि त्याच मालिकेत पुढे क्षमेला बसविले. ज्याला कसले तरी भय आहे त्याची क्षमा संशयास्पदच असते. लोक क्षुद्र म्हणतील याचेही भय ज्याचे गेले आहे, त्या हालच्या क्षमेवर मात्र कोणाला बोट ठेवता आले नाही.

कारीने त्या दिवशी समेट मान्य केला नाही. त्याला दोष देणेही कठीण आहे, कारण त्याचा मुलगा हालच्या मुलासारखा लढताना पडलेला नव्हता. तो वर्षानुवर्षे आग लावणाऱ्यांच्या मागावर राहिला. आइसलँडमध्ये आणि समुद्रापार त्याने त्यांना एकामागून एक गाठून मारले. फ्लोसी रोमपर्यंत तीर्थयात्रेस गेला. पुढे कारीही गेला. कारीची पत्नी त्या अवधीत वारली होती. परतीच्या प्रवासात कारीचे गलबत आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर फुटले. माणसे वाचली; बाहेर हिमवादळ चालू होते. आता काय करावे असे सोबत्यांनी विचारले. कारीने सांगितले की, स्विनाफेलला जावे आणि फ्लोसीच्या मनाचा मोठेपणा पारखावा.

या एका पावलात जेवढे धैर्य आहे तेवढे त्याच्या सगळ्या सूडयात्रेत मिळून नसेल. ज्याच्या हुकुमाने मुलगा जळाला त्याच्या दारात, शस्त्राच्या धाकाने नव्हे, तर हिमवादळात निवारा मागणारा पाहुणा म्हणून जायचे. आणि दार उघडणाऱ्याचे धैर्य तरी कमी कसे म्हणावे? फ्लोसी दिवाणखान्यात बसला होता. कारी आत येताच त्याने त्याला ओळखले. तो झटकन उठला, पुढे गेला, कारीला मिठी मारून त्याचे चुंबन घेतले आणि आपल्या शेजारच्या उच्च आसनावर त्याला बसविले. हिवाळाभर कारी त्याच घरी राहिला. दोघांचा पुरा समेट झाला, आणि फ्लोसीने आपली पुतणी हिल्डिगुन, जिने रक्ताळलेला झगा त्याच्या खांद्यांवर टाकला होता तीच, कारीला दिली. मध्ये काय बोलणे झाले, कोणी कोणाची क्षमा मागितली, कोण रडले, याविषयी कथाकार एक अक्षर लिहीत नाही.

फ्लोसीच्या अखेरीविषयी सागेत थोडीच वाक्ये आहेत. म्हातारपणी तो घरासाठी लाकूड आणण्यास नॉर्वेला गेला आणि हिवाळा तेथेच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात निघायला उशीर झाला. गलबत समुद्रात नेण्याजोगे नाही असे लोकांनी त्याला सांगितले. मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्याला ते पुरेसे चांगले आहे, असे त्याने उत्तर दिले. मग तो गलबतावर चढला आणि समुद्रात निघाला. त्या गलबताची पुढे काहीच वार्ता आली नाही.